साहेबराव पीत नाहीत

चप्पल पायातून निघून गेली तर माणसाला कळतं, अशी साहेबरावांची समजूत होती. म्हणून त्या सकाळी दूध घेऊन ते घरात शिरले आणि राजकन्याबाईंनी विचारलं, "आवो, दुसरी चप्पल कुठंय?" तेव्हा त्यांनी आधी बायकोकडं रागानं बघितलं आणि मग खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजव्या पायात नव्हती. तळव्याला शेण लागलेलं होतं, तेही त्यांना आत्ताच कळत होतं.

"तुटली आसंल," साहेबराव म्हणाले.

"तुटली तर हातात घेऊन येतेत की माणसं."

साहेबराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून सरकारची टाचणी हरवली नव्हती. अशा माणसाची चालता चालता चप्पल हरवावी आणि ती शेजारच्या नरसिंगनं दोन बोटांत धरून, "साहेबराव, ही तुमचीच ना? दूध डेअरीसमोर पडली होती," असं म्हणत गल्लीतून मिरवत आणावी, हे त्यांना फार लागलं. चप्पल ढिली झाली, असं त्यांनी जाहीर केलं आणि त्याच दिवशी पट्ट्याची नवी जोडी आणली. चपलेचा प्रश्न मिटला. पायाचा मिटला नव्हता, पण तो आहे हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

मग बेसिन गेलं. दाढी झाल्यावर साहेबरावांनी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि पाण्याची ओंजळ तोंडावर मारायच्या आत ते पुढं गेले. पुढं गेले म्हणजे चालत नाही, आख्खेच्या आख्खे. कपाळ आरशाला लागलं, छाती बेसिनला, आणि बेसिन भिंतीतून सुटून त्यांच्यासकट खाली आलं. आवाज असा झाला की शेजारच्या भामाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. साहेबराव फुटक्या चिनीमातीत बसले होते, तोंडाला फेस होता. भामाबाईंनी फेस बघून आधी फिट आली म्हणून कांदा मागितला. राजकन्याबाईंनी साबणाचा वास दाखवल्यावर त्या जरा नाराज झाल्या.

नांदेडच्या त्या कॉलनीत माणूस पडला की त्याला उचलायला दोघं येतात आणि सल्ला द्यायला वीस. नरसिंग एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. त्याचं म्हणणं, साहेबरावांनी जन्मभर बसून नोकरी केली, पायाला उभं राहायची सवयच लागली नाही. "मी चालत्या गाडीत हात सोडून तिकिटं फाडली. आजबी मला ढकलून बघा." कुणी ढकलून बघितलं नाही. त्यानं उपाय सांगितला, पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चालायचं. कॉलनीत गवत नव्हतं. गवत होतं ते गवळ्याच्या घासाच्या तुकड्यात, आणि तिथं चालायचा पहिला हक्क म्हशींचा होता. त्यातल्या एकीनं साहेबरावांना फार जवळून बघितल्यावर तो उपाय थांबला.

भामाबाईंचा उपाय घरगुती होता. रात्री काशाच्या वाटीनं तळपायाला तूप घासायचं, उष्णता उतरते, पाय हलके होतात. राजकन्याबाईंनी मन लावून तूप घासलं. पाय खरोखर हलके झाले. फरशीवर पहिलं पाऊल टाकताच दोन्ही पाय साहेबरावांना मागं ठेवून पुढं निघून गेले. कंबर आठवडाभर शेकावी लागली. भामाबाई म्हणाल्या, तूप म्हशीचं होतं, गाईचं पाहिजे होतं.

इथपर्यंत सगळं घरातलं होतं. घरात पडलेला माणूस म्हणजे म्हातारपण. चारचौघांत पडलेला माणूस म्हणजे चारित्र्य.

शनिवारी मारुतीच्या आरतीला साहेबराव दरवेळेसारखे पुढच्या रांगेत उभे होते. आरती संपली, सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. साहेबरावांनीही मिटले. डोळे मिटताच त्यांना वाटलं की आपण सरळ उभे आहोत, आणि तसं वाटत असतानाच ते पुजाऱ्याच्या पाठीवर जाऊन आदळले. पुजारी ताटावर, ताट शेंदरात. मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "घेऊन आलाय." भामाबाई म्हणाल्या, "अंगात आलं. मी बघितलं, डोळे मिटले की वारं शिरलं."

त्या संध्याकाळपासून कॉलनीत दोन पक्ष पडले. अंगात येतं म्हणणाऱ्या बायका होत्या आणि पितो म्हणणारे पुरुष होते, आणि दोन्ही बाजू आपापल्या अनुभवावरून बोलत होत्या. साहेबरावांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. ऑफिसातल्या पार्ट्यांत ते फक्त शेंगदाणे खात आणि सगळ्यांना घरी पोचवत. अशा माणसाला हे ऐकून तळपायाची आग मस्तकात जायला पाहिजे होती. पुढं डॉक्टरांनी सांगितलं त्यावरून बघता, ती जाण्याचा रस्ताच बंद होता.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण गीतांजलीची सोयरीक चालू होती.

गीतांजली त्यांची एकुलती एक मुलगी. एका शाळेत विज्ञान शिकवायची. उदगीरच्या व्यंकटरावांचा मुलगा वैजनाथ इंजिनिअर होता, दोघांची पसंती झाली होती, आणि व्यंकटराव चार माणसं घेऊन बोलणी पक्की करायला येणार होते. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अडत होती. पाहुणे बसले. आत चहा तयार झाला. राजकन्याबाई ट्रे उचलणार तेवढ्यात साहेबराव आत आले.

"आण इकडं. बापानं हातानं चहा दिला तर पाहुण्यांचा मान ऱ्हातो."

"आवो, तुमी बसा की."

"मी काय आजारी हाय?"

सहा कप भरलेला ट्रे छातीशी धरून साहेबराव निघाले. अलीकडं ते पायाकडं बघून चालायचे, हे त्यांच्याही ध्यानात आलेलं नव्हतं. ट्रेमुळं पाय दिसेनासे झाले. दारापर्यंत ठीक गेलं. मग उजवं पाऊल उचललं की टाकलं, याचा त्यांना अंदाज येईना. त्यांनी ते पुन्हा उचललं, आणि बहुधा आधीच उचललेलं असावं. सहाच्या सहा कप व्यंकटरावांच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर गेले.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. होतंय आसं," व्यंकटराव शांतपणे म्हणाले आणि साहेबरावांना उठवायला वाकले. उठवताना त्यांनी साहेबरावांच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि एक लांब श्वास घेतला. तुरीचं पोतं उघडल्यावर ते असाच श्वास घेत असावेत. साहेबरावांनी तो श्वास ऐकला. त्यांच्या आयुष्यात इतका अपमान कुणी बोलून केला नव्हता.

जाता जाता पाहुण्यांनी कोपऱ्यावर नरसिंगला गाठलं. नरसिंग मित्राला जागला. छातीवर हात मारून म्हणाला, "ह्या माणसानं जिंदगीत दारू बघितली न्हाई. माझी ग्यारंटी. दारूबिरू काही न्हाई, त्यांच्या अंगात येतं."

चार दिवसांनी उदगीरहून निरोप आला, दिवाळीनंतर बघू.

आता आपण पीत नाही हे सिद्ध केलंच पाहिजे, असं साहेबरावांनी ठरवलं. सरकारी माणूस. त्यांच्या लेखी कुठलीही गोष्ट शिक्क्याशिवाय खरी नव्हती. ते दारूचे परवाने देणाऱ्या कचेरीत गेले. टेबलावरच्या तरुण क्लार्कनं नम्रपणे विचारलं, "काका, परवाना एक वर्षाचा पायजे का कायमचा?"

"परवाना नको. मी पीत न्हाई, असा दाखला पायजे."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "पिण्याचा परवाना हाय. न पिण्याचं काही न्हाई आपल्याकडं."

"का न्हाई?"

"कुणी मागत न्हाई," क्लार्क म्हणाला. साहेबराव स्वतः तीस वर्षं लोकांना हेच उत्तर देत आले होते, त्यामुळं पुढं वाद घालायला जागा नव्हती. निघताना क्लार्कनं सुचवलं, नाक्यावर पोलिसांकडं फुंकायचं मशीन असतं, तिथं बघा.

नाक्यावरचा हवालदार म्हणाला, "मशीन गाडीवाल्यासाठी हाय. तुमची गाडी कुठंय?"

"मी चालत आलो."

"मग गाडी घेऊन या."

साहेबरावांनी दोन महिने स्कूटर काढली नव्हती. ब्रेकवर पाय आहे की नाही ते वाकून बघावं लागायचं आणि तोवर जे यायचं ते येऊन जायचं. पण मुलीच्या लग्नाचा प्रश्न होता. ते घरी गेले, स्कूटर काढली, आणि नाक्यापर्यंत अगदी सावकाश आले. हवालदारानं हात केला. साहेबरावांनी ब्रेक दाबला, म्हणजे ब्रेकच्या शेजारची पत्र्याची जागा दाबली, आणि स्कूटर लोखंडी अडथळ्यात घुसली. आता मात्र हवालदारानं आपण होऊन मशीन आणलं. साहेबराव रस्त्यावर बसल्या बसल्या मन लावून फुंकले. मशीननं शून्य दाखवलं.

"हे लिहून द्या," साहेबराव म्हणाले. त्यांच्या कोपरातून रक्त गळत होतं.

"शून्याची केस होत न्हाई काका. केस न्हाई तर कागद न्हाई." हवालदारानं त्यांना चौकीत नेऊन बसवलं. "घरून कुणाला तरी बोलवा."

गीतांजली शाळेतून तशीच आली. बाप चौकीच्या बाकावर बसला होता आणि आपल्या दोन पायांकडं असा बघत होता, जसं काही कुणीतरी परक्यानं ते तिथं ठेवले आहेत. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "आप्पा, डोळे मिटा आन तुमचा उजवा पाय कुठंय सांगा."

साहेबरावांनी डोळे मिटले. "हितं हाय की. डाव्याच्या शेजारी."

पाय बाकाखाली वाकडा गेला होता. तिनं तो हातानं सरळ केला. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, "मामाला फोन कर. आपल्याला लातूरला डॉक्टरकडं जायचंय."

लातूरला राजकन्याबाईंचे भाऊ राहत, त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर लावून ठेवला होता. डॉक्टर तरुण, हळू बोलणारे. त्यांनी साहेबरावांना कॉटवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पायाचा अंगठा दोन बोटांत धरला. "अंगठा वर केला तर वर म्हणा, खाली केला तर खाली म्हणा."

एवढी सोपी परीक्षा साहेबरावांनी कधी दिली नव्हती.

"खाली," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "वर. वर. खाली."

राजकन्याबाई पायथ्याशी उभ्या होत्या आणि अंगठा त्यांना दिसत होता. साहेबराव खाली म्हणत होते तेव्हा तो वर होता. मग त्या हळूच खोकल्या. पुढच्या वेळी अंगठा वर गेला तेव्हा त्या परत खोकल्या.

"आजी, तुम्ही खोकू नका," डॉक्टर म्हणाले.

मग डॉक्टरांनी एक धातूचा चिमटा टेबलावर आपटून त्यांच्या घोट्याच्या हाडाला लावला. "थरथर कळते?"

"कशाची?" साहेबरावांनी विचारलं.

तोच चिमटा छातीच्या हाडाला लावल्यावर ते दचकले. इतकी थरथर पायाला लागून गेली होती आणि पायानं काही सांगितलं नव्हतं. साहेबरावांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांना आधी बायको दिसली. ती पदर तोंडाला लावून खिडकीकडं तोंड करून उभी होती. आपण नापास झालो हे त्यांना तिच्या पाठीवरून कळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पायात ताकद आहे. मेंदूचा हुकूम नसांमधून खाली जातो आणि स्नायू तो पाळतात. पण पाय कुठं आहे, गुडघा किती वाकलाय, बोट वर आहे की खाली, हा निरोप पाठीच्या कण्यातून वर जावा लागतो, तो जात नाही. मेंदू अंधारात हुकूम सोडतो. डोळे उघडे असले की डोळे सांगतात, पाय इथं आहे. डोळे मिटले की सांगायला कुणी नाही.

साहेबरावांना हे लगेच समजलं. मुंबईहून हुकूम येत राहावेत आणि तालुक्याचा अहवालच वर पोचू नये, असं खातं त्यांनी पाहिलेलं होतं. तिथंही शेवटी कालवा भलत्याच शेतात जायचा.

"कशानं झालं?" गीतांजलीनं विचारलं.

बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व शरीरात जवळजवळ उरलेलं नव्हतं. साखरेची गोळी बारा वर्षं चालू होती, त्यात पित्ताची गोळी साहेबराव स्वतःच्या मतानं रोज घेत. दोन्हींनी मिळून हे केलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनं घ्यावी लागतील. "पुढं वाढणार नाही. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. चार-सहा महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं."

चार-सहा महिने आधी साहेबराव म्हशींच्या घासात चालत होते. लोकांच्या पायाखालची वाळू सरकते तेव्हा त्यांना निदान ते कळतं तरी, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पण नांदेडला परत येताना त्यांच्या मनात एक उजेड होता. आता कागद होता. निदान होतं. दारू नाही, अंगात येणं नाही, शुद्ध, स्वच्छ, शास्त्रीय रोग. दोन इंजेक्शनं झाली आणि ते घरात कुणाला न सांगता सकाळच्या बसनं उदगीरला गेले.

व्यंकटराव अडतीत गादीवर बसले होते. त्यांनी आदरानं बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. साहेबरावांनी कागद पुढं केला. व्यंकटरावांनी तो हातात घेतला नाही.

"म्हणजे नसांचा रोग हाय."

"हाव. पण दारू न्हाई."

"तेच म्हणून राहिलो मी." व्यंकटराव जड आवाजात म्हणाले. "दारूचं काही एवढं न्हाई, सोयरे. आमचे मोठे बंधू घेत होते, संसार झाला की त्यांचा. सोडली तर सुटती. रोगाचं तसं न्हाई. रक्तात असतंय. उद्या नातवंडांच्या पायात उतरलं तर मी कुणाला विचारू?"

"उतरत न्हाई. डॉक्टरनी सांगितलंय. गोळ्यांमुळं झालं."

"डॉक्टर सांगतेतच. तुमच्याविषयी राग न्हाई. पोरगी तर लक्ष्मी हाय. पण घरातली माणसं तयार होणार न्हाईत."

बाहेर हमाल सोयाबीनची पोती उतरवत होते. साहेबराव तिकडं बघत राहिले. पाठीवर पोतं, मान खाली, आणि पाय मात्र न बघता फळीवर बरोबर पडत होते. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "हे डॉक्टरचं मीच बनवून आणलं. लाजंपायी. मी घेतो."

व्यंकटरावांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "आसं व्हय. मग आधी बोलायचं की. मला त्या दिवशीच शंका आली होती, पण वास लागंना."

"वास येत न्हाई ती घेतो."

"मोठा माणूस," व्यंकटराव कौतुकानं म्हणाले आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं. सोयरीक अशी कोरडी होत नसते, असं त्यांचं म्हणणं. कपाटातून बाटली निघाली. साहेबराव आजवर अशा बैठकीत फक्त शेंगदाणे खाऊन उठले होते. आता त्यांनी अर्धा ग्लास तोंडाला लावला. ती जिभेवर कळली, घशात कळली, छातीत उतरताना कळली, पोटात पोचली तेही कळलं. तिथल्या सगळ्या नसा शाबूत होत्या.

व्यंकटराव त्यांना बसपर्यंत सोडायला आले. "लगनात तेवढं सांभाळा," एवढंच म्हणाले.

अंधार पडताना साहेबराव कॉलनीच्या तोंडाशी उतरले. रस्त्यावर खडी पसरलेली होती, पाय दिसत नव्हते, पोटात काहीतरी नवीन होतं. ते पडले. पारावरून नरसिंग धावत आला. त्यानं काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि एकदम थांबला. मग त्यानं पुन्हा, नीट, वास घेतला.

त्यानं साहेबरावांना दारापर्यंत आणलं, भिंतीला टेकवलं, आणि ज्या हातानं तो इतके दिवस छाती ठोकत होता तो हात शर्टाला पुसून निघून गेला.

दार राजकन्याबाईंनी उघडलं. त्यांनाही वास आला. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याविषयी ज्या एका गोष्टीची खात्री कॉलनीभर दिली होती ती ही होती. त्यांनी ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि आत जाऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी बोलल्या नाहीत. साहेबराव सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर ते गीतांजलीला कळलं असतं. ते खुर्चीत बसून पायांकडं बघत राहिले. पायही काही सांगत नव्हते.

तिसऱ्या दिवशी उदगीरहून होकार आला. घरात कुणी पेढे आणले नाहीत.

संध्याकाळी गीतांजली फोन हातात घेऊन बाहेर आली. वैजनाथचा फोन होता. तुझ्या वडलांनी कबूल केलं ते बरं झालं, आता आमच्याकडून काही अडचण नाही, असं तो मोठ्या मनानं म्हणाला होता. ती बापाच्या समोर जमिनीवर बसली.

"आप्पा, किती घेतली?"

साहेबरावांनी मान खाली घातली. "अर्धा गिलास."

"कशी लागली?"

"कडू. लोकं कशापायी पेतेत काय की." मग ते अजिजीनं म्हणाले, "बाई, एवढं लगन होऊ दे. मग सांगू खरं काय ते."

"मंग मी जन्मभर पेताडाची पोरगी म्हणून नांदायचं तिथं? तुमी मेल्यावर बी तेच म्हणतील. आन मी ऐकून घ्यायचं?"

"रोगापेक्षा बरं की."

"कुणाला बरं?"

तिनं त्यांच्यासमोरच व्यंकटरावांना फोन लावला. वडील पीत नाहीत, आजार खरा आहे, तो रक्तातून येत नाही, आणि खोटं ते माझ्यासाठी बोलले, असं शाळेत धडा सांगावा तसं सावकाश सांगितलं. मग व्यंकटराव म्हणाले, "विचार करून कळवतो." त्यांनी कळवलं नाही. वैजनाथचा एक मेसेज आला, त्यात 'सॉरी' एवढंच होतं. गीतांजलीनं तो कुणाला दाखवला नाही, पण त्या रात्री तिनं शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या आणि एकाच वहीवर दिवा जळत राहिला.

फोन चालू असताना राजकन्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं ऐकत होत्या.

सकाळी साहेबरावांचं इंजेक्शन होतं. त्या आपण होऊन सोबत निघाल्या. फाटकाशी भामाबाई भेटल्याच. कॉलनीला आता शंका उरलेली नव्हती, फक्त तपशील हवा होता. "वैनी, वाईट वाटलं हो ऐकून. नरसिंगभाऊनी सोता वास घेतला म्हणे. खरं हाय का?"

राजकन्याबाई थांबल्या. साहेबरावांना वाटलं, आता ही रडणार किंवा भांडणार.

"हाव, पेले," त्या म्हणाल्या. "पोरीसाठी पेले. तुमच्या घरी कोण कशासाठी पेतं ते तुमी बघा."

आणि त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. गल्लीतून दोघं सावकाश चालत गेले. साहेबराव खाली बघत होते, एक पाऊल, मग दुसरं. पारावर नरसिंग बसला होता, त्यानं तोंड फिरवलं. दवाखाना आला. आत जायला पाच-सहा उंच, झिजलेल्या पायऱ्या होत्या, आणि कठडा तुटलेला होता. साहेबराव वाकून बघायला लागले.

"खाली बघू नका," राजकन्याबाई म्हणाल्या. "म्होरं बघा. मी सांगते. पायरी हाय."

साहेबरावांनी समोर बघितलं आणि पाय उचलला. तो कुठं गेला, किती उंच गेला, त्यांना काही कळलं नाही. पायरीवरच पडला असावा, कारण ते पडले नाहीत.

"आता दुसरी," राजकन्याबाई म्हणाल्या.